थर्टी ऑलच्या पुढे

ती आमच्याकडे पाच दिवस राहिली. त्यातले तीन दिवस ती दुपारच्या झोपेत बोलली आणि मी ते ऐकलं. ऐकायला नको होतं, असं आजही वाटतं.

त्या जानेवारीत इंदूरला मुलींची प्रोफेशनल टेनिस स्पर्धा होती. टीव्हीवर दाखवतात तसली मोठी नव्हे, पण बाहेरदेशच्या खेळाडू येणार होत्या. ज्यांचा क्रमांक खाली असतो त्या मुलींना आधी पात्रता फेरीचे दोन सामने जिंकावे लागतात, मगच मुख्य स्पर्धेत जागा मिळते. अशा एका मुलीची राहायची सोय तुमच्याकडे होईल का, असं आमच्या यांना सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी विचारलं. मुलगी सोलापूरची, मराठी, एकटीच येणार. आमचा मुलगा बेंगळुरूला असतो, त्याची खोली रिकामीच होती. आम्ही हो म्हणालो.

हे इथल्या पोलोग्राउंड भागातल्या एका पाइपच्या कारखान्यातून रिटायर झालेले. टेनिसचं यांना वेड आहे, टीव्हीपुढे बसून बघायचं वेड. मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. टेनिसमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे ऐकलं ते मी समजून-उमजून मनाने रचणं शक्य नव्हतं.

शनिवारी सकाळी ती आली. बावीस वर्षांची, सावळी, खांदे रुंद, उजवा हात डाव्यापेक्षा स्पष्ट जाड. खांद्यावर रॅकेटांची भली मोठी बॅग. मी तिला पोह्यांवर शेव घालून दिली तर म्हणाली, "काकू, तुम्ही बोलता मराठी, पण मधेच हिंदीच की सगळं."

"आमचं असंच असतं गं," मी म्हटलं. "इंदूरची मराठी बस अशीच आहे. दोन दिवसांत तूही प्रत्येकाला भिया भिया करायला लागशील."

ती हसली. मोकळी मुलगी होती. सरावाला गेली, बाराला परत आली, भाकरी आणि वरण जेवली आणि म्हणाली, "मी दुपारी तासभर झोपते. दार उघडंच राहू दे हं. बंद खोलीत मला झोप लागत नाही."

मी तिच्या दाराबाहेरच, जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले. हिवाळ्यात आमच्याकडे मटारची कचोरी व्हायलाच हवी. हे गच्चीवर उन्हात पेपर वाचत होते. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. "फिफ्टीन-लव्ह." मग जरा थांबून, "थर्टी-लव्ह." मला वाटलं फोनवर आहे, आणि लव्ह ऐकून जरा अवघडलेही; टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य, हे नंतर कळलं. उठून पलीकडे जावं असं मनात आलं. पण पुन्हा आकडे, पुन्हा थांबणं. मी डोकावले. ती उताणी झोपली होती. फोन उशाशी बंद. ओठ हलत होते.

तो तिचा आवाज नव्हता, असं मी म्हणणार नाही. गळा तिचाच होता. पण सकाळचा सोलापुरी हेल त्यात कुठेच नव्हता. चढ नाही, उतार नाही. रेल्वे स्टेशनवर गाड्यांची नावं सांगतात तसं, सांगणाऱ्याला कुठेही जायचं नसल्यासारखं. एका ठिकाणी ती "ड्यूस" म्हणाली, मग काहीतरी म्हणून पुन्हा "ड्यूस". ते इतक्यांदा आलं की मी शेंगा सोलता सोलता मोजायला लागले. अकरा वेळा. शेवटी "गेम" म्हणून ती पुढे गेली.

उठल्यावर मी म्हटलं, "तू झोपेत टेनिस खेळतेस की काय?"

"आई पण म्हणते बडबडते म्हणून. काय बोलते ते मला नाही माहीत," ती म्हणाली आणि चहा प्यायली. विषय तिथेच संपला.

रविवारी सकाळी तिचा पहिला सामना. हे गेले, मी घरीच होते. ती जिंकली. घरी आल्यावर हे हात धुता धुता सांगायला लागले, "काय फाइट दिली पोरीने. एक गेम तर संपतच नव्हता. ड्यूस, म्हणजे दोघी बरोबरीत, मग ॲडव्हांटेज, परत ड्यूस. मी मोजले, अकरा वेळा ड्यूस झाला."

माझ्या हातातली वाटी मी ओट्यावर ठेवली. यांना बाजूला घेऊन आदल्या दिवशीचं सांगितलं.

"योगायोग आहे," हे म्हणाले. "दिमाग नको लावू."

पण त्या दुपारी ती झोपली तेव्हा हे स्वतःच खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये येऊन बसले. मांडीवर जुनी डायरी, हातात पेन्सिल. मी समोर बसले. दुसऱ्याच्या मुलीच्या दाराशी कान लावून बसलोय याची मला लाज वाटत होती, तरी मी उठले नाही. वीसेक मिनिटं आतून आकडे येत राहिले आणि हे लिहीत राहिले. टेनिसमध्ये प्रत्येक पॉइंटनंतर पंच गुणसंख्या पुकारतात. ही झोपेत तेच पुकारत होती, स्वतःचेही पॉइंट आणि समोरचीचेही. मध्येच एकदा ती म्हणाली, "करेक्शन. द बॉल वॉज गुड." यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

सोमवारी मीही गेले. सामने होते त्या क्लबची कोर्टं जुन्या झाडांच्या मध्ये आहेत. कोवळं ऊन, बाजूच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं. उंच खुर्चीवर पंच बाई. हे डायरी उघडून बसले आणि प्रत्येक पॉइंटला बारीक बरोबरची खूण करत गेले. पहिले काही गेम मी यांच्या पेन्सिलीकडेच बघत होते. ती कुठे थांबेल, एखादी तरी फुली पडेल, असं मनातून म्हणत होते. मी आयुष्यभर मुलींना सांगत आले की एकदा जुळलं तर लगेच नियम मांडू नका. पण पन्नास वेळा जुळलं तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुलीचा एक फटका रेषेजवळ पडला. रेषेवर उभ्या असलेल्या माणसाने हात आडवा करून बाहेर असल्याचं पुकारलं. आमच्या मुलीने मान डोलावली, सामना पुढे जाणार, तेवढ्यात पंच बाई माइकमध्ये म्हणाल्या, "करेक्शन. द बॉल वॉज गुड."

यांनी खूण केली नाही. डायरी मिटून मांडीखाली ठेवली. उरलेला सामना आम्ही नुसता बघितला. ती जिंकली, मुख्य स्पर्धेत पोहोचली, आणि कुंपणाशी येऊन म्हणाली, "काकू, पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा मेन ड्रॉ." मी तिच्या घामेजल्या गालावरून हात फिरवला. ती इतकी आनंदात होती आणि मला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

त्या दुपारी ती झोपणार म्हटल्यावर यांनी डायरी काढली. मी म्हटलं, "नका लिहू." हे म्हणाले, "नाही लिहिलं तर रात्रभर झोप येणार नाही." आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो.

पहिला सेट ती सहा-चार असा हरत होती. दुसऱ्या सेटमध्ये तीन-दोन अशी पुढे गेली. मग सहाव्या गेममध्ये, "फिफ्टीन-लव्ह. फिफ्टीन ऑल. थर्टी-फिफ्टीन. थर्टी ऑल."

दोघी तीसवर. आणि गप्प.

आम्ही वाट पाहिली. आधी दोन आकड्यांमध्ये ती जेमतेम दहा सेकंद थांबायची. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मी उठून आत गेले. ती तशीच उताणी. ओठ पुढचा शब्द म्हणायला घेतल्यासारखे किंचित उघडे. छाती हलतेय की नाही ते कळेना. मी तिचा खांदा धरला. तो थंड होता.

तिने डोळे उघडले. "काय झालं काकू?"

"काही नाही. पांघरूण सरकलं होतं."

"मी बोलत होते का?"

"नाही," मी म्हटलं.

ती संध्याकाळी सरावाला गेली तेव्हा मी तिच्या आईला फोन लावला. आली तेव्हा तिच्या फोनची बॅटरी संपली होती, पोचल्याचं कळवायला तिने माझ्याच फोनवरून लावला होता, म्हणून नंबर होता. आईशी याआधी बोलणं झालं नव्हतं. शांत, दमलेला आवाज. मुलगी मजेत आहे, जिंकली, असं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "ती दुपारी झोपेत आकडे बोलते."

मग आई म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलं तर."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे आणि तिच्या वडलांना होतं. ते जाऊन चार वर्षं झाली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर कामाला. घरात टेनिस कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मुलगी साडेतीन वर्षांची असताना दुपारच्या झोपेत बोलायला लागली. फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी. "आम्हाला वाटलं शेजारच्या पोरांचं ऐकून पाढे म्हणते. पण असला कुठला पाढा ओ, तीसच्या पुढं चाळीस, चाळीसच्या पुढं काहीच नाही." ताप डोक्यात गेला असेल म्हणून डॉक्टरांकडे नेलं. ती तिथे बाकावरच झोपली आणि बोलायला लागली. डॉक्टर स्वतः क्लबात खेळणारे. ते हसले आणि म्हणाले, अहो, ही टेनिसचा स्कोअर सांगतेय. मग वडील तिला बोटाला धरून कोर्टावर घेऊन गेले.

"म्हणजे खेळायच्या आधीपासून?"

"रॅकेट बघायच्या आधीपासून. पुढं ती सामने खेळायला लागली तेव्हा ह्यांच्या ध्यानात आलं की झोपेत म्हणते तसंच दुसऱ्या दिवशी होतं. ह्यांनी मला शपथ घातली, तिला कधी सांगायचं नाही. म्हणाले, कळलं तर ती खेळणार कशी?"

मी भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं, "आज ती मध्येच थांबली."

"कुठं?"

"दुसऱ्या सेटमध्ये. तीन-दोन, थर्टी ऑल."

आईंना या आकड्यांचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळत होता. "कधीच थांबली नाही ती," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा सगळा सामना म्हणाली होती. घरात काय होणार ते तिला कळलं नव्हतं. तिला खेळाशिवाय दुसरं काही दिसत नसावं." मग म्हणाल्या, "उद्या तिला खेळू देऊ नका. मी निघते." पण सोलापूरहून निघून त्या बुधवारच्या आत पोहोचणार नव्हत्या.

मंगळवारी सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. "आज नको खेळू."

"का?"

"तब्येत बरी वाटत नाही तुझी."

"मला छान वाटतंय की."

"माझं ऐक ना बेटा. एक दिवस."

ती नाडी सोडून माझ्याकडे बघत राहिली. "काकू, मी अठरा वर्षं याच्यासाठी खेळतेय. कुणी काही बोललं का तुम्हाला?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण तिच्या बापाने घातलेली शपथ मोडायचा हक्क मला आहे का, ते ठरेना. मी नाही म्हटलं, आणि आम्ही दोघंही तिच्याबरोबर निघालो.

समोर एक उंच परदेशी मुलगी होती, मानांकित. पहिला सेट आमची मुलगी सहा-चार हरली. हे डायरीत खुणा करत होते. दुसऱ्या सेटमध्ये तीन-दोन झालं तेव्हा मी उठून कुंपणाजवळ गेले. क्लबचे डॉक्टर कोणत्या बाजूला बसलेत ते बघून ठेवलं. वरच्या फांद्या बघितल्या, दिव्याचा खांब बघितला. कुठून काय येईल ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याचीच भीती वाटत होती.

सर्व्हिस तिची होती. फिफ्टीन-लव्ह. फिफ्टीन ऑल. थर्टी-फिफ्टीन. मग समोरच्या मुलीचा फटका कोपऱ्यात बसला आणि पंच बाई म्हणाल्या, "थर्टी ऑल." तोच सूर. आमच्या पॅसेजमध्ये ऐकलेला, जसाच्या तसा.

तिने चेंडू तीनदा आपटला. वर फेकला. आणि मारलाच नाही, हाताने झेलला. पुन्हा फेकला, पुन्हा झेलला. मग ती नुसती उभी राहिली. भर दुपारी झोपून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही, तेव्हा माणसाचा चेहरा होतो तसा तिचा झाला होता. तिने जाळीकडे पाहिलं, झाडांकडे, मग बाकांवरच्या माणसांकडे. माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं असं वाटलं नाही. समोरची मुलगी वाकलेली सरळ झाली. पंच बाईंनी वेळेची ताकीद दिली. ती हलली नाही. मी कुंपणाची जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर चौकटी उमटल्या होत्या.

मग तिने चेंडू तिसऱ्यांदा वर फेकला आणि मारला. तो जाळीत गेला. दुसऱ्या संधीतलाही बाहेर पडला.

"थर्टी-फॉर्टी," पंच बाई म्हणाल्या.

काहीही झालं नाही. म्हणजे तिला काही झालं नाही. ती श्वास घेत होती, टॉवेलने हात पुसत होती. मागे वळून पाहिलं तर यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पेन्सिल खाली पडली होती.

त्यानंतर ती जे खेळली ते मला शब्दांत मांडता येत नाही. वेड्यासारखी धावत होती. सोपे चेंडू चुकवत होती आणि अशक्य ते मारत होती. प्रत्येक फटका गेल्यावर तो कुठे पडतोय हे बघायला ती मान पुढे काढायची. आधीच्या सामन्यात मी तिला तसं बघताना एकदाही पाहिलं नव्हतं. दुसरा सेट ती टायब्रेकवर जिंकली. तिसरा हरली.

सामना संपल्यावर ती आमच्याजवळ बाकावर येऊन बसली. "काकू, आज काय झालं माहीत नाही. मी बॉल वर टाकला आणि पुढे काहीच नव्हतं. नेहमी असतं. म्हणजे, बॉल वर जातो तेव्हा असं वाटतं की हे होऊन गेलंय, मी फक्त परत करतेय. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं वाटतं."

तेवढ्यात तिचं लक्ष यांच्या मांडीवरच्या उघड्या डायरीकडे गेलं. ती टेनिस खेळणारी मुलगी, खुणा वाचायला तिला क्षणही लागला नाही. "हा आजचा स्कोअर आहे. पण इथेच का सोडला?" मग पानावरची तारीख दिसली. यांनी सवयीने प्रत्येक पानावर तारीख टाकली होती. ती आदल्या दिवशीची होती.

मग आम्ही सगळं सांगितलं.

शेवटी तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि बाबांना?"

"त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं."

ती कोर्टाकडे बघत राहिली. तिथे दुसऱ्या दोघी खेळायला उतरल्या होत्या. "म्हणजे मी आजवर जिंकले ते सगळं..."

हे म्हणाले, "बेटा, बॉल तर तूच मारलेस."

घरी येऊन दुपारी ती झोपायला तयार होईना. गॅलरीत उन्हात बसून राहिली. माझ्याशी बोलली ते एवढंच, "तुम्ही काल नाही म्हणालात, काकू. मी विचारलं होतं." मी मान खाली घातली. दिवेलागणीला ती खुर्चीतच पेंगली. मी तिला उठवून खोलीत नेलं आणि तिच्या उशाशी बसले. ती सकाळपर्यंत झोपली. एक शब्द बोलली नाही.

बुधवारी तिची आई आली. दोघींनी खोलीचं दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. निघताना मुलीने यांच्याकडे डायरी मागितली. यांनी दिली. तिने वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला, पण मला तिच्या हाताला हात लावू दिला नाही.

ती अजून खेळते. त्यानंतर बराच काळ ती हरतच होती. मध्ये एका ठिकाणी उपांत्य फेरीपर्यंत गेली, तेव्हा तिने स्वतः यांना फोन करून सांगितलं. मलाही बोलावलं फोनवर आणि इंदूरला थंडी किती आहे ते विचारलं. मला तेवढं पुष्कळ झालं.

आईंचा फोन अधूनमधून येतो. त्या म्हणतात, मुलगी आता गाढ झोपते, आणि त्यांनाच दुपारी डोळा लागत नाही. घर इतकं शांत असतं की उठून तिचा श्वास बघून यावा लागतो. मागच्या वेळी त्यांनी जरा अडखळत विचारलं, "तिचं बोलणं तुमच्याकडंच थांबलं ना. त्या खोलीत कोण झोपतं का ओ?"

मी म्हटलं, "मुलगा दिवाळीला येतो, तेव्हा झोपतो."

खरं म्हणजे दिवाळीत मी त्याची गादी हॉलमध्ये घातली होती. खोलीला दिलेल्या रंगाचा वास अजून गेला नाही, असं सांगितलं होतं मी त्याला.